ठरावातली तुझी ओळ

खंडू, तुझ्या दशक्रियेला मी माईकवर खोटं बोललो. एकेक वाक्य सुटं धरलं तर खरं होतं, पण सगळं मिळून खोटं होतं. 'मनमिळाऊ स्वभाव, सगळ्यांच्या सुखदुःखात धावून जाणारा, आयुष्यात कधी कुणाला दुखावलं नाही.' नदीकाठी आपल्याकडे प्रत्येकालाच हे प्रमाणपत्र मिळतं. आपण दोघं मागच्या रांगेत सतरंजीवर बसून ऐकायचो आणि तू माझ्या कानाशी लागून म्हणायचास, "आरं, हा माणूस कधी मेला? मी तर दुसऱ्याच्याच दहाव्याला आलोय." परवा तू असतास तर तसंच काहीतरी म्हणाला असतास.

महाराजांचं प्रवचन संपलं होतं, पुढाऱ्यांच्या गाड्या एकामागून एक येत होत्या, आणि सरपंचाने माझं नाव पुकारलं. "खंडूभाऊंचे बालमित्र आणि वैचारिक विरोधक, आपले मोटारवाले दत्ताभाऊ." लोक जरा हसले. मी उठलो, माईक हातात घेतला, समोर वहिनी आणि तुझ्या दोन्ही मुली बसलेल्या दिसल्या आणि जे बोलायचं ठरवून आलो होतो ते सोडून दिलं. मग ते प्रमाणपत्र वाचून खाली बसलो.

बोलायचं होतं ते आपल्या चौघांनाच माहीत होतं. तू, मी, माझी आई आणि तुझी बायको. आपल्या दोघांचे बाप ते घेऊन केव्हाच गेले.

आपण सातवीत होतो. दिवाळी झाली होती आणि तुमच्या मेंढ्या खतासाठी आमच्या रानात बसल्या होत्या. तेव्हा बिबट्या डोंगरापुरता होता, त्रास होता तो रानडुकरांचा. शेतीच्या संरक्षणासाठी म्हणून माझ्या वडिलांना बंदुकीचा परवाना मिळालेला, आणि ती बारा बोरची बंदूक खांद्याला लावून बांधावर फिरताना ते स्वतःला लई मोठे समजायचे. उजाडायच्या सुमाराला धुक्यात भुईमुगाच्या कडेला त्यांना काहीतरी काळं हलताना दिसलं. त्यांनी गोळी झाडली. काळं घोंगडं डोक्यावरून घेऊन तुझे वडील तिथे परसाकडे बसले होते.

मी घरातून धावत आलो आणि तू मेंढ्यांमधून. छर्रे मांडीत आणि गुडघ्यात गेले होते. माझे वडील बांधावर बसून लहान मुलासारखे रडत होते, आणि ज्याला लागलं होतं तोच माणूस त्यांची समजूत घालत होता. "पाटील, पोरं लहान हायेत तुमची. तुमी जेलात गेला म्हणून माजा पाय परत येणार हाय का? कड्यावरनं पडलो म्हणून सांगू." तसंच सांगितलं. ओळखीच्या डॉक्टरनेही जास्त विचारलं नाही. पाय राहिला, पण मेंढ्यांमागे चालायच्या कामाचा राहिला नाही. दुसऱ्या आठवड्यापासून मेंढ्यांमागे तू गेलास. मी शाळेत गेलो. पुढे आयटीआय केलं, विहिरीवरच्या जळक्या मोटारी भरायचं दुकान टाकलं, गावातले अर्ज लिहायला लागलो. तुझी सातवी अर्धी राहिली ती राहिलीच.

वडिलांनी त्यानंतर बंदुकीत काडतूस घातलं नाही. परवाना मात्र दर वेळी नवा करून घेतला, नाहीतर लोकांनी कारण विचारलं असतं. ते गेल्यावर परवाना माझ्या नावावर आला. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा करायला मी निघायचो आणि तू स्टँडवर हमखास भेटायचास. "चालली का पाव्हणी माहेराला? बिबट्याला तारीख कळवून ठेव राव, न्हाईतर त्यो नेमका तवाच यायचा." मी हसायचो. आपण दोघंही हसायचो, आणि ज्या कारणाने हसणं कठीण व्हायला हवं होतं, त्याबद्दल चाळीसेक वर्षांत एक शब्द बोललो नाही.

मधल्या वर्षांत धरणाचं पाणी आलं, ऊस आला आणि उसात बिबट्या आला. बिबट्याने सगळ्यात जास्त नुकसान कुणाचं केलं असेल तर तुझं. भरपाईचे तुझे अर्ज मीच लिहायचो, म्हणून मला पक्कं ठाऊक आहे. पंचनामा होईपर्यंत मेलेली मेंढी हलवायची नाही, म्हणून दिवसभर तिच्याशेजारी उन्हात बसलेला तू मला दिसायचास. मी चिडून म्हणायचो, अरे, या जनावराला गोळी घातली पाहिजे. तू अर्जावर अंगठ्याशेजारी हौसेने आपली सही करत म्हणायचास, "बिबट्या आला तर कुत्री बोलत्यात, मेंढरं उठत्यात. गोळीच्या आदी कोन बोलतं का?"

मला तेव्हा समजायला हवं होतं. मी समजत होतो की तू कोड्यात बोलतोस.

माझी चुलतवहिनी बिबट्यापायी गेली आणि माझं डोकंच फिरलं. सकाळी नऊची वेळ, लख्ख ऊन, उसाच्या कडेला गवत कापायला वाकलेली बाई. तिचा नवरा हाकेच्या अंतरावर होता. तिला उचलून आणणाऱ्यांत मी होतो आणि तूही होतास. तुझ्या अंगातला सदरा काढून तू तिच्यावर घातलास. हे मी विसरलो नव्हतो, खंडू. दहाच दिवसांनी झालेल्या ग्रामसभेत मी जे बोललो ते विसरून बोललो नाही, हेच तर माझं दुखणं आहे.

त्या खास ग्रामसभेला अख्खा गाव लोटला होता. वस्तीवरच्या प्रत्येक घराला बंदुकीचा परवाना द्या आणि दिसेल त्या बिबट्याला गोळी घालायची मुभा द्या, हा ठराव मीच लिहिला होता. विरोधात बोलायला एकटा तू उठलास. तू काही मोठं भाषण केलं नाहीस. एवढंच म्हणालास, "बिबट्या पकडा, न्या, काय करायचं ते करा. मी त्याचा सोयरा न्हाई. पण घरटी बंदूक नको. आपल्याकडं समद्यात जास्त चुकतं ते पहाटंला आन घाबरल्यावर." आणि मी माईक ओढून घेतला. "ज्याच्या घरातलं माणूस गेलं न्हाई, ज्याच्या अंगावर कधी बेतलं न्हाई, त्यानं आमाला शहाणपण शिकवू नये. मेंढरं गेली तर भरपाई मिळती. माझ्या वहिनीची भरपाई देतो का तू?"

टाळ्या पडल्या. शिट्ट्याही पडल्या. तू माझ्याकडे पाहिलंस. एक वाक्य बोलला असतास तर मी तिथेच संपलो असतो. मी, माझा ठराव, माझ्या बापाचं नाव, सगळंच. ज्याच्या बापाचा पाय माझ्या बापाने घालवला त्याला मी सांगत होतो की तुझ्या अंगावर कधी बेतलं नाही. तू "बरं" म्हणालास आणि खाली बसलास.

पुढे काय झालं ते तुलाही माहीत आहे, पण मला एकदा सगळं सांगून टाकू दे. कुणीतरी माझ्या त्या वाक्याची क्लिप काढली, तिला ढोलताशा जोडला आणि गावाच्या ग्रुपवर टाकली. तिथून ती आंबेगावात गेली. शिनोलीहून तुझ्या सासरवाडीच्या लोकांचे फोन आले, की आमच्या जावयाला भर सभेत असं कोण बोललं. तिकडे शहरातल्या कुणा प्राणीमित्रांनी तीच क्लिप उचलली आणि खाली मला खुनी, अडाणी आणि आणखी काय काय म्हटलं. आमची पोरं त्यांना शिव्या द्यायला लागली. गेलेली चुलतवहिनी राहिली बाजूला. तिचा फोटोसुद्धा भांडणात वापरायचं सामान झाला, एकाने तर त्यावर आपल्या नेत्याचं चिन्ह टाकलं. आणि मी, खंडू, दर अर्ध्या तासाने फोन उघडून किती जणांनी वाहवा केली ते बघत होतो. शरम वाटते सांगायला.

त्या चॅनेलवाल्या पोराला मीच तुझ्या वस्तीवर पाठवलं होतं, हे तुला कधी सांगितलं नाही. त्याने तुझ्या तोंडासमोर माईकचं दांडकं धरलं आणि विचारलं, "काका, तुम्ही कुणाच्या बाजूचे, माणसाच्या की बिबट्याच्या?" तू म्हणालास, "तू सकाळधरनं जेवलाय का?" त्याने पुन्हा विचारलं. तू म्हणालास, "भाकर हाय, बस." तुझी मुलाखत कुठेच दिसली नाही. माझी तीनदा दाखवली.

दीड महिना आपण बोललो नाही. सातवीनंतरचा सगळ्यात मोठा अबोला. मग एका दुपारी तू दुकानात आलास. हातात जळका स्टार्टर होता. तो माझ्याने दुरुस्त होणार नव्हता हे तुला माहीत होतं आणि मलाही. तू स्टुलावर बसलास, मी चहा सांगितला. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तू म्हणालास, "ते ऱ्हाऊ दे. तुजा ठराव तालुक्याला गेलाय, तितनं पुढं न्हाई जायचा. कायदाच न्हाई तसा. कायतरी होन्यासारखं लिही."

तीन दुपारी आपण लिहीत बसलो. मी बंदूक सोडायला तयार नव्हतो आणि तू ती घ्यायला. पण दिवसा थ्री फेज वीज हवी, म्हणजे पाणी भरायला अंधारात उसात शिरावं लागणार नाही, यावर आपलं अर्ध्या मिनिटात जमलं. घरापासून उसाची पहिली सरी किती लांब असावी, यावर अख्खी दुपार गेली. तू पावलं टाकून दुकानासमोरचा रस्ता मोजत होतास आणि स्टँडवरचे लोक बघत होते. परवान्यांवर तू एक पाऊल मागे आलास. ज्याने रीतसर प्रशिक्षण घेतलंय त्यालाच, आणि उभ्या उसात झाडायची नाही. मी एक पाऊल मागे आलो. घरटीचा हट्ट सोडला. मी कागदावर "तडजोडीचा ठराव" असं लिहिलं, तर तू म्हणालास तो शब्द खोड. "लोकांना वाटतंय तडजोड म्हंजी कुनीतरी इकलं गेलं. नुसतं ठराव लिही."

तिसऱ्या दुपारी तू ती ओळ सांगितलीस. ज्या शिवारात मेंढ्या बसल्या असतील, तिथल्या कुणी त्या उठेपर्यंत बंदूक घराबाहेर काढायची नाही.

माझा पेन थांबला. मी तुझ्याकडे बघितलं नाही. म्हटलं, लोक विचारतील, हे कशासाठी. तू म्हणालास, "कारन नको लिहू. नुसती वळ लिही." मी म्हटलं, बघू. आणि कागद घडी करून खिशात घातला. तुला कळलं होतं, मी कशाला भ्यालो ते. कारण पुन्हा तू आग्रह धरला नाहीस. धाकटीच्या सोयरिकीसाठी मढची माणसं बोलावतायत, तिकडे जाऊन येतो म्हणालास आणि उठलास. आठव्या दिवशी मढहून फोन आला. सोयरीक ठरली होती, चहाचा कप खाली ठेवून तू म्हणे छातीला हात लावलास.

दशक्रियेहून आलो तो आईपुढे जाऊन बसलो. म्हटलं, आई, ग्रामसभेत सांगू का? वडिलांचं नाव खराब होईल. आईला आता नीट दिसत नाही, पण ती शेंगा फोडायची थांबत नाही. ती म्हणाली, "त्या दोघा बापलेकांनी आपलं झाकलं. एकानं पाय गेला तरी, दुसऱ्यानं तू भर सभेत बोलला तरी. किती वर्सं दुसऱ्याच्या पांघरुनात झोपायचं? आन तुज्या बापाचं म्हनशील, तर त्याला त्या दिवसापासनं धड झोप न्हवती. त्याला आता तरी मोकळं कर."

मग मी तुझ्या घरी गेलो. वहिनीला विचारल्याशिवाय ही गोष्ट माझी एकट्याची नव्हती. मी विचारलं, त्या सभेहून आल्यावर खंडू काय म्हणाला होता? वहिनी म्हणाली, "काय न्हाई. जेवले न्हाईत. मी म्हनलं, सांगून टाकायचं व्हतं की समद्यांपुढं. तर म्हनले, दत्ता रडत बोलत व्हता, तुला दिसलं न्हाई का." मला त्या टाळ्यांत माझं रडणं कळलंच नव्हतं, खंडू. व्हिडिओत मी परत बघितलं. खरंच रडत होतो. सगळ्या गावाने माझा आवाज ऐकला, शब्द पाठ केले, आणि माणूस रडतोय हे ज्याला मी बोलत होतो त्याला एकट्याला दिसलं.

आज सव्वीस जानेवारी. झेंडा झाला, पोरांना खाऊ वाटला आणि ग्रामसभा बसली. मी ठराव वाचला. दिवसा वीज, पिंजरे, उसाचं अंतर, प्रशिक्षण. कुरकुर झाली, पण लोक ऐकत होते. मग तुझी ओळ वाचली. आपल्या ग्रुपवर सगळ्यात जास्त तावातावाने लिहिणारा तो संदीप उठला. "ही वळ कशापायी? मेंढरं बसली म्हून आमी हात बांधून बसायचं? काय कारन?"

तू म्हणाला होतास, कारण नको लिहू. लिहिलं नाही. पण विचारल्यावर सांगितलं. धुकं, भुईमूग, घोंगडं, बंदूक कुणाची, गोळी कुणाला लागली, कड्यावरून पडल्याचं कुणी ठरवलं आणि शाळा कुणाची सुटली. मागच्या सभेत मी त्याच घरातल्या माणसाला काय बोललो ते शब्दाला शब्द परत म्हणून दाखवलं. या वेळी माझा आवाज चढला नाही. तुझे वडील आणि माझे वडील ज्यांनी पाहिले होते ते म्हातारे माना खाली घालून बसले. एका पोराने फोन वर धरला होता, त्याने तो हळूच खाली घेतला. टाळ्या पडल्या नाहीत. सरपंच म्हणाला, हात वर करा. बरेच हात वर आले. सगळे नाही. संदीपचा नाही आला.

तुझी ओळ झाली, खंडू. मला माफ कर. हे दुकानात म्हणायचं होतं, तू म्हणू दिलं नाहीस, आणि मीही तुझं ऐकल्याच्या आनंदात गप्प बसलो. माफी न मागता सुटलो याचं मला बरं वाटलं होतं.

पण तू जिंकलास असं समजू नकोस. मला आजही वाटतं की उसाच्या कडेला राहणाऱ्या माणसाच्या हातात काहीतरी पाहिजे. ठराव लिहिताना तू मला विचारलं होतंस, "तुज्या चुलतभावाच्या हातात बंदूक आसती, तर त्यानं कुनावर झाडली आसती? बाई आन बिबट्या एकमेकांत गुतलेली." तेव्हा मला उत्तर आलं नाही. ते तुझ्या सावडण्याहून परत येताना सुचलं. अरे, हवेत झाडली असती. आवाजाने बिबट्या सोडून पळाला असता. इतकं साधं उत्तर, आणि मी ते घेऊन दहा दिवस गावात फिरतोय. आमच्या बाजूच्यांना सांगितलं तर ते मान डोलावतात, पुढे काही बोलत नाहीत. पलीकडच्यांना सांगावं तर ते मला ऐकूनच घेत नाहीत. तू ऐकलं असतंस. ऐकून म्हणाला असतास, "हवंत तर फटाकाबी वाजतो, त्याला परवाना लागतो का?" आणि मी दोन दिवस पुन्हा विचार करत बसलो असतो.

सभा सुटली. मी चपला घालत होतो तेवढ्यात संदीप जवळ आला. राग होता, पण पोरगा वाईट नाही. म्हणाला, "दत्ताभाऊ, खरं सांगा. तुमी आता कुनाच्या बाजूला?"

मी म्हटलं, "बाजू तीच हाय बाबा. समोरचा माणूस गेला."